मधूकाका, घाबरला होतात तर सांगायचं होतं

मधूकाका, तुमच्या बेलवर नाव नव्हतं.

काकूंसाठी खिचडीचा डबा घेऊन मी खाली उभी होते. हात सवयीनं तिसऱ्या बटणाकडे गेला आणि तिथे नुसती पांढरी पट्टी. वर श्नायडर, खाली कोवाल्स्की, मध्ये कोणीच नाही. आपल्याकडे फ्लॅटला नंबर असतो, विंग असते, वॉचमनला विचारता येतं. इथे जर्मनीत आडनाव हाच पत्ता. बेलवर आडनाव नसेल तर तो माणूस त्या घरात राहतच नाही. टपाल परत, पार्सल परत.

मला वाटलं, माणूस गेल्यागेल्या घरमालकानं नाव काढलं. डोकंच फिरलं माझं. जिना चढता चढता मी त्या मालकाविरुद्ध अख्खं पत्रक मनात लिहून काढलं, मथळ्यासकट. काकूंनी दार उघडल्यावर पहिलं वाक्य तेच बोलले. त्यांनी डबा हातातून घेतला आणि म्हणाल्या, "मालकानं नाही गो. ह्यांनीच काढलं. जायच्या आधी."

"कधी?"

"तू भांडून गेलीस ना, त्याच दिवशी. तू जिना उतरत होतीस आणि हे स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले."

काका, हे बरं नाही केलंत.

तुम्ही कुठल्या कारखान्यात होतात, गिअरबॉक्समधलं काय काय जाणत होतात, हे सगळं शोकसभेत लोकांनी सांगितलं. चांगलं सांगितलं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. ते अर्धवट ठेवून तुम्ही गेलात, आणि वर हे.

आपली ओळखही बेलवरूनच झाली होती. पक्षात मी नवीन होते, दारोदार पत्रकं वाटत होते. आमच्या होल्गरचा नियम होता, परकी आडनावं सोडायची, त्यांना मत नसतं, वेळ जातो. (होल्गर म्हणजे आमच्या शहर शाखेचा सचिव, चांगला माणूस, पण नियम असले.) मी "आंब्रे" वाचलं आणि नियम मोडला. तुम्ही दारात आलात, गळ्यात फुटबॉल क्लबचा लाल मफलर, हातांची घडी. माझं जर्मन भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग मराठीत म्हणालात, "झालं? आता आत ये. हे पत्रक लिहिलंय कोणी?"

"मी."

"तरीच. प्रत्येक ओळीत उद्गारचिन्ह. वाचणाऱ्याला धाप लागते, पत्रकबाई."

त्या दिवसापासून मी पत्रकबाई. तुमचं मराठी ऐकून मात्र मी चक्रावले. पणजोबा रत्नागिरीकडून आफ्रिकेत गेलेले, आणि ते जे मराठी घेऊन गेले ते प्रिटोरियाजवळच्या भारतीयांच्या वस्तीत तुम्ही तसंच्या तसं सांभाळलेलं. "गो" काय, "न्याहारी" काय, आणि मध्येच छोट्या टेम्पोला "बक्की". कायझर्सलाउटर्नमधल्या आम्हा पुणेकर आयटीवाल्यांपेक्षा तुमचं मराठी जास्त शुद्ध होतं. हे तुम्ही दर गणपतीत ऐकवायचात. आम्ही दर गणपतीत "गेनाऊ, गेनाऊ" (बरोबर, बरोबर) म्हणून मान डोलवायचो.

आणि ती निवडणूक. तुमच्या देशात मूठभर गोऱ्यांचं राज्य संपून सगळ्यांना पहिल्यांदा मत मिळालं, ती. किती वेळा सांगितलीत! मला पाठ आहे. मतदानाआधी अख्ख्या वस्तीनं डबाबंद घेवडा विकत घेतला होता. दुकानांत मेणबत्त्या उरल्या नव्हत्या. तुमच्या वडिलांनी बाथटब पाण्यानं भरून ठेवला आणि घरातल्या सगळ्यांना आठवडाभर बादलीवर आंघोळ करायला लावली. शेजारच्यांनी मुलं भारतात आजोळी पाठवली. दाराखालून पत्रकं सरकवली जायची. चित्रात खिडकीतून एक काळा हात आत येतोय, आणि खाली विचारलेलं, उद्या हे घर कोणाचं? बॉम्ब फुटत होते. सगळ्यांना खात्री होती की बहुसंख्य लोकांच्या हातात सत्ता गेली की ते हिशोब चुकता करायला येणार. आणि मग मतदान झालं, कोणी आलं नाही, आणि तुम्ही वर्षभर घेवड्याची उसळ खाल्लीत. इथे तुम्ही थांबायचात, आम्ही हसायचो, काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "उसळ कोण करत होतं ते विचारा."

मग रांग. डोंगरउतारावरून नागमोडी गेलेली रांग, ऊन, म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन आलेली, हाताला लावलेली न दिसणारी शाई जी दिव्याखाली धरली की निळी चमकते. मतपत्रिका हातभर लांब. एक पक्ष अगदी शेवटी निवडणूक लढवायला तयार झाला म्हणून त्याची पट्टी खाली वेगळी चिकटवलेली. आणि तुमचा शेवट ठरलेला असायचा. "बहुमताला घाबरणाऱ्यानं आधी त्याच्या रांगेत उभं राहून यावं. मग बोलावं."

टाळ्या. मी सोडून सगळ्यांच्या.

कारण मला ते पटत नव्हतं, काका. आजही पटत नाही. मी तुम्हाला दर वेळी एकच विचारायचे. तुमच्याकडे बहुमत दाराबाहेर ठेवलेलं होतं, ते हक्कानं आत आलं. इथलं बहुमत पहिल्यापासून आतच बसलंय, आणि त्यातले काही आता म्हणतायत की मी बाहेर जावं. दोन्हीला तुम्ही एकच नाव कसं देता? तुम्ही चष्मा काढून पुसायचात. "प्रश्न बरोबर आहे. उत्तर उद्या." तुमचा हा उद्या कधी उजाडलाच नाही. दुसरा प्रश्न, कुणाला मत दिलंत? तिथेही उद्या. अहो, तीस वर्षं होऊन गेली, आता तरी सांगा! तर तुम्ही गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला उठायचात.

तुम्हाला माझी भीती खरी वाटत नव्हती असं मला वाटायचं. म्हणून मी आवाज चढवायचे. शनिवारच्या बाजारातल्या त्या आजी आठवतात ना? आमच्या पक्षाच्या टेबलापाशी आल्या, पत्रक घेतलं, मला पर्समधून गोळी काढून दिली. आल्याची. म्हणाल्या, "तुम्ही फार गोड आहात हो. पण आता आमचं सरकार येणार, मग तुम्हा लोकांना जावं लागेल. तुम्हाला म्हणून नाही हं. एकूण." आणि माझ्या गालाला हात लावून गेल्या. मला शिव्या देणाऱ्यांची भीती वाटत नाही, त्यांना मी परत देते. त्या आजींची वाटते. मी ती गोळी खाल्लीसुद्धा, काका. फेकायचं सुचलंच नाही. तेव्हापासून बसमध्ये मी दाराजवळ उभी राहते. मॅचच्या दिवशी स्टेडियमकडे जाणारा लोंढा दिसला की फुटपाथ बदलते, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात तुमच्यासारखाच मफलर असतो. माझ्या कामातल्या टीममध्ये आठ माणसं आहेत. जेवताना मी त्यांच्याकडे बघत बसते. यातलं कोण? हे विचारायची सवय लागली की माणसाला जेवण जात नाही.

तरी तुम्ही म्हणालात, "उभी राहा."

म्हणजे नगरसभेच्या निवडणुकीला. नागरिकत्व मिळून वर्षही झालं नव्हतं आणि होल्गरनं विचारलं, आमच्या यादीत येतेस का? मी तुमच्याकडे आले ती अर्धी आनंदानं, अर्धी तुम्ही नको म्हणाल या आशेनं. कारण इथली मतपत्रिका मला माहीत होती. पक्षाच्या खाली सगळ्या उमेदवारांची नावं छापलेली असतात. आवडत्या नावाला जास्त मतं देता येतात. आणि नको असलेल्या नावावर रेघ मारता येते. कायदेशीर, सरळ, पेनानं. आमच्याच पक्षाला मत देणारा माणूससुद्धा पडद्याआड उभा राहून माझं नाव तेवढं खोडू शकतो. विरोधकाचं मी समजू शकते. पण आपल्याच यादीत, आपल्याच माणसानं, हळूच? आणि ते मोजलं जाणार. किती जणांना मी नको आहे, याचा आकडा गावात जाहीर होणार.

होल्गरनं तोडगा काढला होता. मृण्मयी घोटवडेकर हे माझं नाव कोणाला वाचता येणार? "आल्झो, तर मग माया लिहू या. माया जी., आडनावाचं पहिलं अक्षर फक्त. छान वाटतं, जर्मन पण वाटतं." मला ते पटलंही होतं. खरंच. रेघा कमी पडतील.

तुम्ही मात्र भडकलात. तुम्हाला भडकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "माया कोण? मी ओळखत नाही तिला. मृण्मयी घोटवडेकर लिही. जागा पुरली नाही तर बाजूला पट्टी चिकटवतील, आमच्याकडे खाली चिकटवली होती तशी." मग हसलात, पण हात टेबलावर घट्ट होता. मी म्हटलं, नाव माझं, रेघ माझ्यावर, तुम्हाला काय जातंय?

मग त्या आजींच्या पक्षाचं पत्रक आलं. आपल्या भागातल्या सगळ्या ब्रीफकास्टनमध्ये, म्हणजे टपालपेट्यांमध्ये, एकाच दिवशी. आपल्यासारखी सावळी माणसं, पाठमोरी, बॅगा ओढत विमानाकडे चाललेली. त्यात साडीतली एक बाईसुद्धा. खाली सुबक अक्षरात "प्रवास सुखाचा होवो". मी ते हातात चुरगाळून तुमच्याकडे धावत आले. तुमची प्रत तुम्ही चहाच्या कपाखाली ठेवली होती.

"छपाई चांगली आहे," तुम्ही म्हणालात.

"काका!"

"नाही, म्हणजे आमच्या वेळच्या पत्रकापेक्षा बरीच सुधारली आहे. एकही उद्गारचिन्ह नाही बघ. शिक जरा."

"तुम्हाला हसू येतंय? त्यात साडी आहे! ती काकू आहे! मी आहे!"

"घाबरवणाऱ्याला घाबरून दाखवलं की त्याचा छपाईचा खर्च वसूल होतो."

"हे वाक्य गणपतीत टाळ्यांसाठी ठीक आहे. मला उत्तर हवंय. हे निवडून आले तर? तेही बहुमतच असेल ना? तेव्हा कुठल्या रांगेत उभी राहू मी? विमानाच्या?"

तुम्ही चष्मा काढलात. मी म्हटलं, उद्या म्हणू नका. तुम्ही खरंच म्हणाला नाहीत. मी दार आपटून निघाले.

आणि तुम्ही स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलात.

त्यानंतर तुमची छाती दुखली, तुम्ही दवाखान्यात गेलात, आणि मला कळवायच्या आत सगळं संपलं. त्या मधल्या दिवसांत आपलं बोलणं नाही. मी रुसून नव्हते, कामात होते. भांडण म्हणजे आपला नेहमीचा रतीब, उद्या पुन्हा घालायचा. मला काय ठाऊक, की वर तिसऱ्या मजल्यावर तुम्ही बिननावाचे बसला आहात.

काकू सांगत होत्या आणि खिचडी ताटात गार होत होती. तुम्ही नावाची लहानशी पट्टी खणात ठेवलीत म्हणे, फेकली नाहीत. काकूंनी विचारलं, हे काय? तर म्हणालात, "थोडे दिवस. निवडणूक होईपर्यंत." काकूंनी विचारलं, पोरीला का नाही सांगितलंत? "तिला काय सांगू? ती माझ्या जिवावर उभी राहतेय."

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. काकू म्हणाल्या, "बस. तुला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. ती रांगेची सांगायचे ना, त्याच्या आधीची मी सांगते."

मग त्यांनी सांगितलं. मतदानाच्या सकाळी तुम्ही जायला तयारच नव्हतात. गाडीत बसलात, चावी लावलीत, आणि इंजिन बंद करून तसेच अंगणात बसून राहिलात. तुमचे वडील खिडकीत येऊन म्हणाले, जातोयस तर गोऱ्यांनाच दे, ओळखीचं संकट बरं. काकूंनी तुम्हाला चालत नेलं. रांगेत उभं राहिल्यावर तुमचे पाय लटपटायला लागले. तेव्हा पुढे उभ्या असलेल्या बाईनं मागे पाहिलं, आपला दुधाचा क्रेट उलटा करून तुमच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, बसा, मास्टर. ती तुमच्याच घरी धुणंभांडी करायची. लहानपणापासून. तुम्ही तिला मेरी म्हणायचात, सगळेच म्हणायचे. तिथे घरोघरच्या कामवाल्या मेरीच असायच्या. तुम्ही तिच्या क्रेटवर बसलात आणि ती उभी राहिली. दुपारपर्यंत.

दारापाशी पोचल्यावर अधिकाऱ्यानं तिचं ओळखपत्र उघडून नाव मोठ्यानं वाचलं. मात्शेदिसो, आणि पुढे आडनाव. काकू म्हणाल्या, "ह्यांनी माझा हात असा धरला! म्हणाले, हे कोणाचं नाव घेतलं त्यानं? मी म्हटलं, मेरीचं. तर म्हणाले, माझ्या आईला तरी ठाऊक होतं का हे?" घरी आल्यावर तुम्ही न जेवता झोपलात. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तर तुमच्या तोंडून ते नाव निघेना, आणि मेरीही म्हणवेना. काही महिने तुम्ही तिला कशीच हाक मारली नाही म्हणे. मग ती काम सोडून गावी गेली.

"आणि मत कोणाला दिलं?" मी विचारलं.

"मला तरी कुठे सांगितलं? म्हटलं की झाडांना पाणी."

म्हणजे काका, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला त्या गोष्टीचं साल दिलंत आणि आंबा स्वतः गिळून बसलात. माझ्यासारखी पत्रकबाई हे कधी माफ करत नाही, सांगून ठेवते. घेवड्याची उसळ सांगितलीत, निळी शाई सांगितलीत. लटपटणारे पाय नाही सांगितलेत. तुम्हाला वाटलं, पोरीला धीट माणूस हवाय. अहो, धीट माणसं माझ्याकडे ढिगानं आहेत! होल्गर धीट आहे. होल्गरचं आडनाव म्युलर आहे, त्याला काय जातंय धीट व्हायला? मला घाबरलेला माणूस हवा होता. माझ्याइतका घाबरलेला, आणि तरी पाय ओढत रांगेत गेलेला. तो चहाच्या टेबलापलीकडे माझ्यासमोर बसला होता आणि मला विनोद सांगत होता.

आणि मग रागाच्या मागोमाग दुसरंही येतं. तुम्ही स्वतःचं नाव काढून ठेवलंत तरी माझं काढू दिलं नाहीत. माया ऐकून भडकलात, ते आता कळतं. स्वतःची पट्टी खणात, आणि मला मात्र पूर्ण नाव लिही. हा ढोंगीपणा आहे असं मी त्या खुर्चीत बसून ठरवणार होते. शब्द तोंडापर्यंत आला होता. पण काकूंकडे पाहिलं आणि वाटलं, माणूस स्वतः बुडत असताना दुसऱ्याला वर ढकलतो त्याला ढोंग म्हणत नाहीत. काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, उद्या.

तुमच्या उत्तराशिवायच जायचं होतं मला. यादी ठरवायची सभा आठवड्याभरात होती. पाराशिवाय ताप मोजावा तसं मी रोज स्वतःला चाचपून बघत होते, आज किती घाबरलेय. रोज तेवढीच. कमी झाली नाही, काका. खोटं लिहिणार नाही. तुमची हकीकत ऐकून माझी भीती गेली असं लिहिलं तर ते पत्रक होईल.

सभेला चाळीसेक माणसं होती, कॉफी, केक. मला दोन मिनिटं बोलायचं होतं. भाषण लिहून नेलं होतं, ते घडी करून खिशातच ठेवलं. म्हटलं, मला भीती वाटते. गेल्या निवडणुकीपेक्षा जास्त. तुम्हा सगळ्यांचीही थोडी वाटते, कारण पडद्याआड तुमच्या हातात पेन असेल आणि मी तिथे नसेन. कोपऱ्यातल्या एक बाई खाली बघायला लागल्या. त्या का बघत होत्या, लाजून की आधीच ठरवून, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्यासकट जगायला मला शिकावं लागेल. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग चिठ्ठ्यांवर मतदान झालं. मला सहावी जागा मिळाली.

नंतर होल्गर लॅपटॉप उघडून बसला. "तर माया जी., बरोबर?"

मी म्हटलं, नाही. लिहून घे. एकेक अक्षर सांगितलं. त्यानं दोनदा चुकवलं, मी दोनदा खोडायला लावलं. तो म्हणाला, "तुला खात्री आहे? लोक रेघ मारतील."

मारतील. मोजतील. आकडा वर्तमानपत्रात येईल आणि मी तो वाचेन.

तुम्ही नाही आहात आणि मला भीती वाटते आहे, काका. पण मतपत्रिका आता छपाईला गेली आहे. त्यावर मृण्मयी घोटवडेकर आहे, सबंध. ज्याला रेघ मारायची असेल त्याला ते आधी वाचावं लागेल.